ब्राऊन पेपरची खिडकी

सिंगापुरात शाळेत शिकवायचं तर सगळ्यांना एकाच दारातून आत जावं लागतं. देश एवढासा, त्यात शिक्षक तयार करणारी संस्था एक आणि तिची लायब्ररीही एक. निशिकांत गद्रे यांनी हे गणित मनाशी नीट मांडलं होतं. म्हणून तर एके काळी बँकेत टाय लावून बसणारा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर, यिशुनहून एमआरटी मेट्रो आणि बस बदलत, बेटाच्या पार पश्चिमेच्या टोकाला पुस्तकं द्यायला-घ्यायला जात होता. ओळखीचे लोक हळहळत. बिचाऱ्याला दुसरं काही मिळालं नाही, म्हणत. गद्रे त्यांना तसं म्हणू देत. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. लिटिल इंडियात भाजी घेताना जुने शेजारी चारुदत्त भेटले होते आणि बोलण्याच्या ओघात सांगून गेले होते, "तुमची क्षिप्रा डिग्री झाली की टीचर व्हायचं म्हणतेय." मग 'तुमची' म्हटल्याबद्दल त्यांनी जीभ चावली आणि दोडक्याची पिशवी उचलून ते घाईनं निघाले. गद्र्यांनी त्याच आठवड्यात लायब्ररीत अर्ज टाकला.

क्षिप्रा त्यांची एकुलती एक मुलगी. अठ्ठ्याण्णव साली मंदी आली, बँकेनं माणसं कमी केली, त्यात गद्रे गेले. नोकऱ्या पुष्कळांच्या गेल्या, पण पुष्कळांनी बायकोमुलांना धरून ते दिवस काढले. गद्र्यांना ते जमलं नाही. जम बसला की येतो, असं सांगून ते मिरजेला गेले, आणि जम काही बसला नाही. आधी रोज फोन, मग रविवारी, मग सणावारी, आणि मग सांगण्यासारखं काही नाही म्हणून तोही बंद. लाज माणसाला काय काय करायला लावते, आणि वर त्यालाच स्वाभिमान म्हणायला लावते! विनीतानं वाट पाहायची तेवढी पाहिली आणि शेवटी घटस्फोटाचे कागद पाठवले. गद्र्यांनी मुकाट्यानं सह्या केल्या. तीन वर्षांनी सिंगापूरला परतल्यावर त्यांनी सेरंगूनच्या जुन्या घरी फोन लावला. तो क्षिप्रानं उचलला. पंधराव्या वर्षी सोडलेली पोर आता अठराची होती. ती इंग्रजीत म्हणाली, "प्लीज, इथे फोन करू नका." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राँग नंबरवाल्याला सांगावं तसं तिनं सांगितलं. गद्र्यांनी पुन्हा फोन केला नाही.

लायब्ररीत त्यांच्या वाट्याला आलं प्लेसमेंट डेस्क. शिकाऊ शिक्षकांना शेवटचे दहा आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर उभं करतात, त्याला प्लेसमेंट म्हणायचं. शाळा बेटभर विखुरलेल्या. पाठ तयार करायचे, वह्या तपासायच्या, त्यात लायब्ररीत यायचं कधी? म्हणून मुख्य ग्रंथपाल मिसेस गो यांनी सगळं ऑनलाइन करून टाकलं होतं. घरून पासवर्ड टाकला की लेख वाचता येत, नमुन्याचे पाठ उतरवून घेता येत, पुस्तक राखून ठेवता येई, मुदत वाढवता येई. दर शुक्रवारी लायब्ररीची व्हॅन शाळाशाळांतून पुस्तकांचे खोके पोचवी आणि परत द्यायचे घेऊन येई. अडलं तर डेस्कला ईमेल. उत्तराखाली माणसाचं नाव नाही, नुसतं 'प्लेसमेंट डेस्क'. "शाळेवर गेलेल्या एकाही विद्यार्थ्याला काउंटरवर यायची गरज पडता कामा नये," असं मिसेस गो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत. गद्रे मान डोलवत. मनात मात्र त्यांना वाटे, एवढी सोय करून ठेवली नसती तर एखाद्या दिवशी ती आपल्या पायांनी इथवर आली नसती का? आणि ती सोय दिवसभर राबवायची कोणी, तर यांनीच.

दोन हजार सहाच्या जुलैत यादीत नाव आलं. क्षिप्रा एन. गद्रे, यिशुनमधली एक प्राथमिक शाळा, दुसरीचा वर्ग. तिनं आडनाव बदललं नव्हतं, मधला 'एन'ही जागेवर होता. गद्रे त्या एका अक्षराकडे बराच वेळ बघत बसले. त्याखाली पत्ता होता, फोन नंबर होता. गद्र्यांनी पडद्याचा तेवढा भाग तळहातानं झाकला. लोकांची माहिती कामापुरतीच बघायची, हा नियम नव्या पोरींना तेच शिकवत. फोटो मात्र कुठेच नव्हता. आपली मुलगी आता कशी दिसते, हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि दैवाची थट्टा बघा, शाळा यिशुनची! गद्रे यिशुनमध्येच एका खोलीत भाड्यानं राहत. तिथून ती शाळा चालत जाण्यासारखी. दुसरा कोणी असता तर रोज सकाळी सहज फिरत फिरत त्या फाटकावरून गेला असता. गद्रे दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास लवकर निघू लागले आणि त्यांनी बसस्टॉपही बदलला. फोनसुद्धा करू नका म्हणणाऱ्या मुलीपुढे रस्त्यात अचानक जाऊन उभं राहायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. पण बस तिथल्या इमारतींमागून वळली की त्यांची मान आपोआप शाळेकडे जाई, आणि मग स्वतःचाच राग येई.

ऑगस्टच्या सुरुवातीला शाळेकडून पहिला खोका परत आला. एकदा मुदत वाढवून झाली की दुसऱ्यांदा वाढवायला पुस्तक प्रत्यक्ष यावं लागे, ते बघून, नोंदवून पुढच्या व्हॅननं पुन्हा जाई. ते काम सितीकडे होतं. सिती म्हणजे काउंटरवरची तरुण मलय मुलगी, कामाला चलाख, तोंडानं त्याहून.

"अंकल, मशीन कॅनॉट रीड लाह," ती ओरडली. "समबडी रॅप ऑल लाइक प्रेझेंट!"

टेबलावर पुस्तकांची चळत होती, सगळी खाकी. ब्राऊन पेपरची कव्हरं! बारकोड मागच्या पुठ्ठ्यावर असतो, तो कागदाखाली गडप झालेला. वाचायचं यंत्र लाल डोळा रोखून नुसतं टूं टूं करत होतं. संगणकाच्या लेखी ही पुस्तकं परत आलीच नव्हती, आणि घेणाऱ्याचं खातं बंद पडलं होतं.

गद्र्यांनी एक पुस्तक उचलून उघडलं. आत डिंक नाही, टेप नाही, स्टेपल नाही. कागदाचे कोपरे दुमडून एकमेकांत अडकवलेले, आणि कण्यापाशी वरखाली कापलेली बारीक पट्टी पुस्तकाच्या पोटात सारलेली. खोक्यावरचं नाव वाचायची गरज पडली नाही. हे कव्हर मिरजेचं होतं. त्यांच्या वडिलांचं तिथे स्टेशनरीचं दुकान. जून आला की निम्म्या गावाची पुस्तकं कव्हरं घालायला त्यांच्याकडे येत आणि वडील बोलता बोलता, खाली न बघता कोपरे अडकवत. त्यांनी ते निशिकांतला शिकवलं आणि निशिकांतनं सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये, फरशीवर फतकल मारून, सहा वर्षांच्या क्षिप्राला. इथली शाळा जानेवारीत उघडते, म्हणून कव्हरांचा कार्यक्रम नाताळच्या सुट्टीत होई. पोरीकडे काम एकच, कागदाची दोन टोकं दोन तळव्यांनी दाबून धरायची. ती धरायची आणि वळवळायची. "क्षिपू, हलायचं नाही हं," असं म्हणत गद्रे कात्री चालवत. वर्गातल्या बाकी मुलांची पुस्तकं चकचकीत प्लास्टिकमध्ये असत. एका वर्षी ती रडत घरी आली, सगळे हसतात म्हणाली. गद्र्यांनी लगेच जाऊन प्लास्टिक आणलं, तर बाईसाहेबांनी ते घालूच दिलं नाही. नाक पुसत म्हणाली, आपलंच बरं.

"टेअर, अंकल?" सितीनं कागदाला नख लावलं. नियम तसाच होता.

"नो, नो! आय विल डू," गद्रे एवढ्या जोरात म्हणाले की तिनं हात मागे घेतला.

त्यांनी पट्टी आणि कटर घेतलं. बारकोड कुठे असेल ते बोटानं चाचपलं आणि कागदात तेवढाच चौकोन कापला, खालच्या पुठ्ठ्याला ओरखडा न उमटू देता. प्रत्येक पुस्तकाला एक खिडकी. लाल डोळ्यानं सगळी पुस्तकं वाचली, खातं उघडलं, आणि शुक्रवारी व्हॅन ती पुस्तकं घेऊन यिशुनला गेली. पुढचा खोका आला तेव्हा त्यातली नवीन पुस्तकंही खाकीच होती, पण खिडक्या कापूनच आली होती. जरा वाकड्या होत्या. गद्रे मागच्या खोलीत एकटेच हसले, आणि मग चष्मा पुसत बसले.

ईमेलही येत. इंग्रजीत, तुटक, घाईघाईत लिहिलेले. बेडकांवर सोपं काही मिळेल का? बेरजेचे खेळ? गद्रे लेख शोधत, दुवे पाठवत, पुस्तकं बाजूला काढत. इतर शिकाऊ शिक्षकांनाही ते हेच करत, आणि मनापासून करत, पण या एका नावाच्या ईमेलला उत्तर देण्याआधी ते उगाच टेबल आवरून घेत.

एकदा तिनं लिहिलं, 'वर्ग गप्प बसत नाही. मी ओरडते, ते आणखी ओरडतात. कृपया थिअरी नको, उपयोगी पडेल असं काही द्या. आज मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले, हे लायब्ररीला सांगायची गरज नाही, पण सांगितलं.'

गद्र्यांनी तो ईमेल वाचला आणि उठून खिडकीपाशी गेले. बाप जवळ असता तर काय केलं असतं? चहा टाकला असता, पाठीवरून हात फिरवला असता. प्लेसमेंट डेस्कला पाठीवर हात फिरवता येत नाही. त्यांनी परत येऊन दोन चांगले लेख जोडले आणि खाली लिहिलं, 'आवाज चढवण्याऐवजी खाली आणून बघावा. गोष्ट कुजबुजत सुरू करावी. ऐकू येत नाही म्हणून मुलं जवळ सरकतात.' ही युक्ती त्यांनी कुठल्या लेखात वाचलेली नव्हती. जेवताना घरभर पळणाऱ्या एका पोरीला ताटावर आणण्यासाठी ती त्यांनीच शोधून काढली होती.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'चाललं! सगळे पुढे सरकून बसले! तुम्ही शिक्षक होतात का?'

गद्र्यांनी टाइप केलं, 'नाही. माझ्या घरी एक मुलगी होती, तिला...' मग एकेक अक्षर मागे खोडत गेले आणि लिहिलं, 'हा उपाय अनेक विद्यार्थ्यांना उपयुक्त वाटला आहे. प्लेसमेंट डेस्क.'

मधल्या काळात मिसेस गो यांच्या नजरेला ती खाकी पुस्तकं पडलीच. पुस्तकाचं चित्र दिसत नाही, नंबर दिसत नाही, हे चालणार नाही, त्या विद्यार्थिनीला कळवा, म्हणाल्या. गद्र्यांना आपल्याच मुलीला ताकीद द्यावी लागली. 'कृपया पुस्तकांना कव्हरं घालू नयेत' एवढं एक वाक्य लिहायला त्यांना अर्धी सकाळ लागली.

तिचं उत्तर लगेच आलं. 'सॉरी. पोरांचे हात चिकट असतात. शिवाय सवय. लहानपणी घरी शिकले, पुस्तक हातात आलं की हात आपोआप कागदाकडे जातो. आता घालणार नाही. पण खिडक्या कोण कापतं? फार सरळ कापतात, त्यांना सांगा.'

'घरी शिकले.' कोणाकडून ते लिहिलं नव्हतं. गद्र्यांनी तो ईमेल वरून खाली आणि खालून वर वाचला. जो शब्द तिनं लिहिलाच नव्हता तो ते शोधत होते. शेवटी त्यांनी उत्तर पाठवलं, 'निरोप पोचवला आहे.'

सप्टेंबरात तिची परीक्षेची घडी आली. संस्थेचे पर्यवेक्षक वर्गात मागे बसून पाठ बघणार होते आणि पास-नापास त्यावर ठरणार होतं. त्यासाठी तिला एक मोठं पुस्तक हवं होतं. सगळ्या वर्गाला मागच्या बाकावरूनही चित्रं दिसावीत म्हणून अशी पुस्तकं पोराच्या छातीएवढी उंच काढतात. दातदुखीनं हैराण झालेल्या म्हाताऱ्या मगरीची गोष्ट होती. लायब्ररीत प्रत एकच, तीही दुसऱ्या कोणाकडे. ती परत आली मंगळवारी दुपारी. पाठ गुरुवारी आणि व्हॅन शुक्रवारी.

'काही मार्ग आहे का?' तिनं लिहिलं. 'मला शाळेतून निघताच येत नाहीये. सगळा पाठ त्या मगरीवर बसवलाय.'

'उद्या सकाळी शाळेच्या ऑफिसात मिळेल,' प्लेसमेंट डेस्कनं कळवलं.

गद्र्यांनी रीतसर नोंद करून पुस्तक घेतलं आणि बसमध्ये मांडीवर धरून घरी आणलं. संध्याकाळी खोलीत जमिनीवर ठेवलं. मगर जबडा वासून त्यांच्याकडे बघत होती. कपाटामागे ब्राऊन पेपरची गुंडाळी उभी होती, जुलैत ते नाव दिसलं त्या शनिवारी लिटिल इंडियातून आणलेली. कशाला आणली ते तेव्हा त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. फोन करू नका, असं पोर म्हणाली होती. कव्हर घालू नका, असं ती कुठे म्हणाली होती? तसं म्हटलं होतं लायब्ररीनं, आणि लायब्ररी म्हणजे तरी कोण! मनाची अशी समजूत काढून गद्र्यांनी गुंडाळी उलगडली. एवढ्या मोठ्या पुस्तकाला एक माणूस पुरेना. कागद एकीकडून दाबला की दुसरीकडून उठे. शेवटी घरमालकीण आंटी चिया पंखा हलवत दारात आल्या, त्यांनी एक टोक पायानं आणि एक हातानं धरलं.

"व्हाय ब्राऊन?" त्या म्हणाल्या. "सो अग्ली. बाय प्लास्टिक लाह."

"अवर स्टाइल, आंटी," गद्रे म्हणाले.

कण्याची पट्टी आत गेली, कोपरे एकमेकांत अडकले. मागे त्यांनी बारकोडाची खिडकी कापली, सरळ, चारी कोन नेमके. नाव घातलं नाही, चिठ्ठी ठेवली नाही. ओळखायचं असेल तर एवढ्यावर ओळखेल, नाही तर मगरीचं पुस्तक म्हणून वापरेल, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं खरं, पण झोपण्याआधी त्यांनी कोपरे पुन्हा एकदा तपासले.

सकाळी शाळेच्या ऑफिसात त्यांनी पुस्तक दिलं. "वाह, सो फास्ट," असं म्हणून कारकूनबाईंनी ते शिक्षकांच्या कप्प्यांवर आडवं ठेवलं. खालच्या एका कप्प्यावर 'मिस गद्रे' अशी चिठ्ठी होती. मैदानावर झेंड्यासाठी मुलं गोळा होत होती, त्यांचा कलकलाट भिंतीपलीकडून येत होता. त्यांच्या बाजूला कुठेतरी ती उभी असणार. चार पावलं टाकली असती तर दिसली असती. गद्र्यांनी छत्री काखेत घट्ट दाबली आणि ते उलट्या बाजूनं बसस्टॉपकडे चालत गेले. त्या दिवशी त्यांना तिला बघावंसं इतकं वाटलं की पुढचे दोन स्टॉप त्यांना काही दिसलंच नाही.

उत्तर दुपारी आलं. 'पुस्तक मिळालं. थँक्स.'

बस, एवढंच. उद्गारचिन्ह नाही, प्रश्न नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पाठ कसा झाला, पोरं जवळ सरकली का, काही कळलं नाही. पुढल्या आठवड्यात ईमेल नाही, त्याच्या पुढल्याही नाही. एरवी बेडकांपासून बेरजांपर्यंत सगळं विचारणारी मुलगी एकदम गप्प झाली. गद्रे सकाळी आल्याआल्या पडदा उघडत आणि दुसऱ्यांचेच ईमेल वाचत. आगाऊपणा नडला, ते स्वतःला म्हणत. निनावी होतो तोवर बोलत तरी होती. तिनं कव्हर ओळखलं आणि दार लावून घेतलं, असंच त्यांना वाटू लागलं. खिडकीच्या हौसेपायी होतं नव्हतं ते घालवून बसलो, याचं दुःख त्यांना जेवताना होई, बसमध्ये होई, आंटी चियांच्या टीव्हीसमोर होई. एवढंच दिसत होतं की मगरीच्या पुस्तकाची मुदत एकदा ऑनलाइन वाढवली गेली होती. पाठ तर कधीच होऊन गेला होता. मग वाढवली कशाला? गद्रे त्या एका बदललेल्या तारखेवर दिवस काढू लागले.

प्लेसमेंट संपली. शेवटच्या व्हॅननं सगळ्या शाळांचे खोके आले. 'मिस गद्रे'चा खोका गद्र्यांनी स्वतः उघडला. आतली सगळी पुस्तकं उघडी होती, कव्हरं काढून स्वच्छ पुसलेली. त्यांनी तळापर्यंत हात घातला. खाकी कागदाचा कपटासुद्धा नव्हता. मगरही नव्हती.

आता तिचं वर्षभराचं प्रशिक्षण संपत आलं होतं. निकाल लागला की खातं बंद, नाव यादीतून जाणार, आणि मग या दारातून तिनं यायचं काही कारण उरणार नव्हतं. मगरीची मुदत उलटली. संगणकानं आपण होऊन स्मरणपत्र धाडलं, मग दुसरं. एरवी शाळेवर गेलेल्यांची स्मरणपत्रं गद्रे थांबवून मुदत वाढवून देत, या वेळी पहिल्यांदाच त्यांनी संगणकाला थांबवलं नाही.

एका दुपारी ते मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना पट्ट्या लावत होते. बाहेरच्या हॉलमध्ये पुस्तकं परत घेणारं नवं यंत्र बसवलं होतं. बारकोड दिसला की पुस्तक पोटात ओढून घ्यायचं, नाही दिसला की बाहेर ढकलायचं. तर ते यंत्र बोलत होतं, प्लीज प्रोसीड टू द काउंटर, प्लीज प्रोसीड टू द काउंटर. कोणीतरी पुन्हा पुन्हा तेच पुस्तक घालत असावं. मग सितीनं दारातून डोकं आत घातलं.

"अंकल, बिग बुक. मशीन डोन्ट वॉन्ट. आय ऑल्सो ट्राय, शी डोन्ट गिव्ह मी. शी से, कॉल द पर्सन हू कट द विंडो."

गद्रे उठले. कटर आणि पट्टी हातात तशीच राहिली. काउंटरवर खाकी कव्हराचं ते भलंमोठं पुस्तक पालथं ठेवलेलं होतं, आणि पलीकडे कोणी तरी उभं होतं. वर बघायचा धीर होईना म्हणून त्यांनी आधी पुस्तकाकडेच पाहिलं. कव्हर त्यांनीच घातलेलं. कोपरे तसेच, पट्टी तशीच. फक्त खिडकी नव्हती. आतून ब्राऊन पेपरचा चौकोन लावून ती बंद केलेली होती, इतक्या बेतानं की जोड शोधावा लागत होता.

"मशीन घेत नाहीये हे," पलीकडून आवाज आला. मराठीत. पुष्कळ दिवस न वापरलेली मराठी होती, शब्द जपून टाकत होती. "काउंटरवर द्या म्हणतंय."

गद्र्यांनी वर पाहिलं. विनीतापेक्षा उंच होती. चष्मा होता, केस कापलेले होते, आणि कपाळ मिरजेच्या गद्र्यांचं होतं.

"बारकोड झाकला गेलाय," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी मुलीशी बोललेलं पहिलं वाक्य हे!

"हो. मीच झाकला," ती म्हणाली. "नाही तर मशीननं घेतलं असतं."

त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. मिरजेपासून सुरुवात करायची होती, न केलेल्या फोनांबद्दल सांगायचं होतं, पाठ कसा झाला ते विचारायचं होतं. त्याऐवजी त्यांनी जे येत होतं तेच केलं. पट्टी कागदावर ठेवली, बारकोड कुठे असेल ते बोटानं चाचपलं आणि कटर टेकवलं. पण मोठ्या पुस्तकाचा कागद एकीकडून दाबला की दुसरीकडून उठत होता, आणि पातं जागेवर बसत नव्हतं.

पलीकडून दोन हात आले. बोटांना मार्करची निळी शाई लागलेली होती. तिनं कागदाची दोन टोकं दोन तळव्यांनी दाबून धरली.

"हलत नाहीये मी, बाबा," ती म्हणाली. "काप."